ब्रह्मपुरीचा समुद्रदेव

इंग्लंडांतील यॉर्क येथील रोमन थडग्यांत जेट या काळ्या, हलक्या दगडाचे कोरीव दागिने सांपडतात. ते कोणाचे, हें शेजारचा सांगाडाच सांगतो. आमच्या कोल्हापुरांत पंचगंगेकांठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडांत मिळालेल्या रोमन वस्तूंस मात्र असा साक्षीदार नाहीं.

तेथें कांशाच्या भांड्यांसमवेत समुद्रदेव पॉसिडॉनची लहानशी मूर्ति निघाली. पुढें १९४५-४६ सालीं सांकलिया व दीक्षित यांनीं डेक्कन कॉलेजतर्फें उत्खनन करून सातवाहनकालीन वस्ती उजेडांत आणली. परंतु हा परदेशी देव कोणाच्या देवघरांत होता, कीं तांबटाच्या मोडींत पडला होता? टाउन हॉलच्या संग्रहालयांत त्याच्यापुढें उभे राहिलों असतां आम्हांस वाटतें, शेजार नाहींसा झाला कीं वस्तु उरते, इतिहास हरपतो. म्हणून नांगराच्या फाळाला कांहीं लागल्यास आधीं जागा टिपावी, मग वस्तु उचलावी.