डॅशबोर्डची कल्हई

गाडीचं वय आपण नंबरप्लेटवरून ओळखतो. गॅरेजवाला मात्र दार उघडून काच खाली-वर करायच्या बटणाच्या कडेवर अंगठा फिरवतो. तिथला काळा रंग उडून खालचा राखाडी थर डोकावत असतो, गियरची मूठ तुळतुळीत झालेली असते, दाराच्या आतल्या हँडलवर नखांच्या रेघोट्या असतात. इंजिन धुता येतं, मीटरही काही महाभाग मागे फिरवतात, पण हाताने झिजलेली जागा खोटं बोलत नाही.

प्लास्टिक मरत नाही, असं आपण ऐकत आलो. कचऱ्याच्या डोंगरापुरतं ते खरं असेल. पण प्लास्टिकची कातडी मरते, आणि लवकर मरते. या कातडीलाही इतिहास आहे, तो बराचसा कारखान्यांत आणि थोडा आमच्या कुर्ल्याच्या गॅरेजांत घडला.

सुरुवातीच्या मोटारी म्हणजे घोडा काढून टाकलेल्या बग्ग्याच. आत लाकूड, पितळ आणि चामडं. पुढे १९०७ साली अमेरिकेत लिओ बेकलँड नावाच्या मूळच्या बेल्जियन रसायनज्ञाने बॅकेलाइट बनवलं आणि बटणं, मुठी त्याच्या होऊ लागल्या. १९२६ साली अॅक्रन शहरात वाल्डो सीमन हे रबर धातूला चिकटवणारं काहीतरी शोधत होते. चिकटवणारं ते सापडलं नाही, हाती आला मऊ पीव्हीसी. आपण ज्याला रेक्झिन म्हणतो ते नाव एका इंग्रजी कंपनीचं, तिचं कापड वेगळ्या रसायनाचं होतं. कापड बदललं, नाव आपल्याकडे राहून गेलं.

प्लास्टिक गाडीत स्वस्त म्हणून घुसलं, असा समज आहे. तो अर्धाच खरा. डेट्रॉइटमध्ये क्लेअर स्ट्रेथ नावाचे प्लास्टिक सर्जन होते. अपघातात पत्र्याच्या डॅशबोर्डवर, बाहेर आलेल्या बटणांवर आपटून फाटलेले चेहरे ते शिवत. शिवून शिवून थकले तेव्हा १९३०च्या दशकात त्यांनी मोटार कंपन्यांच्या मागे लागून सांगितलं, बटणं आत घ्या, डॅशबोर्ड मऊ करा. क्रायसलरच्या १९३७च्या गाड्यांत त्यातलं काही उतरलं. फोर्डने १९५६ साली मऊ डॅशबोर्ड जादा पैसे घेऊन द्यायला सुरुवात केली. १९६६ साली अमेरिकेत कायदा झाला आणि १९६८पासून गाडीच्या आतल्या भागांनाही नियम लागू झाले. माणसाचा चेहरा वाचावा म्हणून गाडीचा चेहरा मऊ झाला, हे मला फार आवडतं.

आपल्याकडे ही गोष्ट उशिरा आली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९६४ साली बाहेर पडलेल्या फियाट अकराशे डिलाइटचा डॅशबोर्ड पत्र्याचा होता. दाराला रंग मारणारा पेंटर तोच रंग, त्याच गनने डॅशबोर्डलाही मारी. आमच्या गल्लीतले एक मामू टॅक्स्यांचं रेक्झिन शिवत. त्यांच्या दुकानासमोर कल्हईवाला बसे, आणि दोघांचा धंदा एकच, असं मामू म्हणत : भांडं तेच, फक्त तोंड उजळायचं. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ग्राहकाच्या हाती गेली. तिचा डॅशबोर्ड साच्यातून निघालेला होता. पेंटरने त्यावर नेहमीचा रंग मारून पाहिला, तो महिन्याभरात पापुद्र्यासारखा निघाला.

कारण साधं आहे. सगळं प्लास्टिक एक नव्हे. तुकडा काढून उलटा केला की पाठीवर बारीक अक्षरं असतात. एबीएस असेल तर रंग धरतो, मात्र त्यावर अॅसिटोन लावाल तर तेच विरघळतं. पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, असेल तर त्यावर काहीच टिकत नाही. आधी खास प्रायमर लावावा लागतो. अक्षरं पुसली असतील तर जुने कारागीर एक कपची पाण्यात टाकतात. पीपी तरंगतं, एबीएस बुडतं. पीपीत शंखजिऱ्याची पूड मिसळलेली असेल तर तेही बुडतं आणि कारागीर फसतो. शिवाय आधीच्या मालकाने चकाकी यावी म्हणून सिलिकॉनचं पॉलिश फासलेलं असतं. ते साबणाने आणि स्पिरिटने पूर्ण उतरवल्याशिवाय रंगाला हात लावायचा नाही. घासायचंही जपून, कारण वरची चामड्यासारखी नक्षी साच्यातून आलेली असते. एकदा घासली की परत येत नाही.

सर्वांत मोठी फजिती मात्र श्रीमंत गाड्यांची. १९९०च्या दशकात प्लास्टिकवर मखमलीसारखा पॉलियुरेथेनचा मऊ थर द्यायची टूम निघाली. फेरारीच्या बटणांवरही तो होता. हवेतली वाफ त्या थराचे रेणू तोडते आणि काही वर्षांत त्याचा गुळाच्या पाकासारखा चिकटा होतो. समुद्राकाठच्या आपल्या हवेत तर बघायलाच नको. तो अल्कोहोलने पुसून काढला की खालून निघतं तेच साधं, कडक प्लास्टिक. मखमलीचे पैसे गेले, पण गाडी वापरण्याजोगी झाली.

आता या धंद्यात दोन धोके आहेत, आणि ते बोललेच पाहिजेत. १ जुलै २०१९पासून आपल्याकडे नव्या गाडीत ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली, नंतर शेजाऱ्याचीही. ती शेजाऱ्याची बॅग डॅशबोर्डच्या कातडीखाली असते आणि ठरलेल्या नाजूक रेषेवर कातडी फाडून बाहेर येते. त्यावर रेक्झिन ताणलं किंवा जाड रंगाचे थर चढवले तर बॅग अडू शकते, वाकडी फुगू शकते, तुकडे उडू शकतात. मामूंची सगळ्यांत देखणी कारागिरी, संपूर्ण डॅशबोर्ड एका कापडात मढवण्याची, आज करता येणार नाही. चेहरा वाचवायला आलेली गोष्ट आपण चेहऱ्यावरच उलटवू.

दुसरा धोका गिऱ्हाइकाला दिसत नाही. टिकाऊ फिनिशसाठी गॅरेजात दोन डब्यांचा पीयू मारतात. त्यातल्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते श्वासात गेलं की दमा जडतो, आणि एकदा जडला की थोड्या वासानेही छाती भरते. बंद गाळ्यात तोंडाला रुमाल बांधून पोरं हे काम करतात. रुमालाने धूळ अडते, ही वाफ अडत नाही. त्याला बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा लागतो. तो मी आमच्या बाजूच्या एकाही गाळ्यात पाहिला नाही.

पाण्यात कालवायचे, प्लास्टिकसाठीच बनवलेले रंगही मिळतात. त्यांना तो हार्डनर लागत नाही. कुर्ल्यात एकाने ते वापरायला घेतलेत. टिकतात जरा कमी, आणि पावसाळ्यात वाळायला दोन दिवस घेतात. गिऱ्हाइकाला गाडी संध्याकाळी हवी असते.