डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची समाधी व स्मारके

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस (१० ऑक्टोबर १९१०, सोलापूर – ९ डिसेंबर १९४२, हपै प्रांत, चीन) हे चीन-जपान युद्धाच्या काळात जखमी सैनिकांवर उपचार करीत असताना चीनमध्येच निधन पावलेले मराठी शल्यचिकित्सक होत. त्यांचे पार्थिव मायदेशी आले नाही. समाधी चीनमध्ये आणि जन्मघर सोलापुरात, अशी त्यांची स्मृती दोन देशांत विभागलेली आहे.

युद्धकार्य व मृत्यू

मुंबईच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले कोटणीस १९३८ मध्ये भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. पथकप्रमुख डॉ. मदन अटल होते, नागपूरचे डॉ. चोळकर, डॉ. बसू व डॉ. मुखर्जी हे अन्य सदस्य. हे चौघे यथावकाश परतले. कोटणीस मात्र वडिलांच्या निधनाची वार्ता कळूनही तेथेच राहिले. १९४० मधील एका लढाईत त्यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्याचे सांगितले जाते. १९४१ मध्ये ते बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले व त्याच वर्षी परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी विवाहबद्ध झाले. अपस्माराच्या झटक्यांनी वयाच्या ३२ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा मुलगा जेमतेम साडेतीन महिन्यांचा होता. त्याच्या ‘यिनहुआ’ या नावात भारत व चीन या दोन्ही देशांची नावे गुंफलेली आहेत.

समाधी

हिंदू रीतीचे दहन न होता त्यांचे स्थानिक प्रथेप्रमाणे दफन झाले. प्रथम नानछ्वान गावी असलेले अवशेष पुढे षिच्याच्वांग येथील हुतात्मा दफनभूमीत हलविण्यात आले. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून यांची समाधीही याच दफनभूमीत आहे. वसंतातील छिंगमिंग सणाला चिनी लोक समाध्या झाडून स्वच्छ करतात व फुले वाहतात. आपल्या पितृपक्षाशी या सणाचे नाते जुळते. फरक इतकाच, की तेथे स्मरणाला समाधीची जागा लागते. कोटणीसांच्या समाधीलाही त्या दिवशी फुले वाहिली जातात.

भारतातील स्मरण

ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकाच्या ‘अँड वन डिड नॉट कम बॅक’ या शीर्षकातच न परतलेल्या डॉक्टरांचा उल्लेख आहे. त्यावर आधारित ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ (१९४६) या चित्रपटात व्ही. शांताराम यांनी स्वतः कोटणीसांची भूमिका केली. अनेकांना कोटणीस ठाऊक आहेत ते या चित्रपटातूनच. तथापि त्यास चरित्र मानणे योग्य नव्हे. सोलापूरच्या जुन्या घरात महानगरपालिकेने स्मारक उभारले आहे. भारतभेटीवर आलेले चिनी नेते कोटणीस कुटुंबीयांची आवर्जून भेट घेत. २००६ मध्ये हू जिंताओ व २०१३ मध्ये ली केकियांग यांनी मुंबईत ती घेतली. क्वो छिंगलान यांनीही भारतात येऊन सासरच्या मंडळींशी संबंध राखला. त्यांचे निधन २०१२ मध्ये झाले.