मळलेली वाट का सोडू नये?

अमेरिकेतील युटा राज्याच्या कॅनियनलँड्स भागात माती काळपट, खडबडीत दिसते. हा पापुद्रा जिवंत असतो. नीलहरित जीवाणूंचे चिकट तंतू वाळूचे कण बांधून ठेवतात, म्हणून वाऱ्यापावसात माती टिकते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गुरे आली. खुरांखाली पापुद्रा मोडला. १९६४ साली येथे राष्ट्रीय उद्यान झाले. पुढे घळी उतरणाऱ्या हौशी लोकांचे बूट आले. मोडलेला पापुद्रा भरून यायला कित्येक वर्षे लागतात. म्हणून तेथे मळलेल्या वाटेने, उघड्या खडकावरून किंवा ओढ्याच्या कोरड्या पात्रातूनच चालायचे असते. पात्रातले ठसे पुढचा पूर पुसतो. पापुद्र्यावरचे कोण पुसणार? शाळेच्या मैदानातील आडवाटेवर आणि शेजारच्या गवतावर तांब्याभर पाणी ओतून पाहू. गढूळ पाणी कुठून वाहते, ते मुलेच आपल्याला सांगतील.