गैरहजेरीचे दोन महिने

ब्रिटनमध्ये नोकरीच्या व्हिसावर राहणारी मराठी माणसं कायम वास्तव्याचा, म्हणजे आयएलआरचा अर्ज जवळ आला की जुनी विमानतिकिटं आणि पासपोर्टवरचे शिक्के घेऊन हिशेबाला बसतात. पाच वर्षं सलग राहायचं, आणि त्यातल्या कुठल्याही बारा महिन्यांत 180 दिवसांहून जास्त बाहेर राहायचं नाही. निघाल्याचा आणि पोहोचल्याचा दिवस धरत नाहीत. बहिणीचं लग्न, वडिलांचं ऑपरेशन, सगळ्याचे दिवस होतात. सलग राहण्याची अट जगभर सापडते, तिचं फारसं नवल नाही. मला ओढ लागली ती दुसऱ्या प्रश्नाची: किती काळ बाहेर राहिलं म्हणजे राहणं तुटलं, हा आकडा आला कुठून?

मला सापडलेला पहिला स्वच्छ आकडा 1740 चा आहे. त्या वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने अमेरिकेतल्या वसाहतींसाठी कायदा केला. परदेशात जन्मलेल्याने तिथे सात वर्षं राहावं, शपथ घ्यावी, की तो राजाचा प्रजाजन. एरवी त्यासाठी स्वतःपुरता खासगी कायदा मंजूर करून घ्यावा लागे. तो खर्च बड्यांनाच झेपायचा. ज्यूंसाठी तर शपथेतले ख्रिस्ती शब्दसुद्धा गाळले होते. एवढ्या सढळ कायद्यात एका ठिकाणी मात्र हात आखडलेला दिसतो: त्या सात वर्षांत एका वेळी दोन महिन्यांहून जास्त काळ वसाहतींबाहेर राहिलेलं चालणार नाही.

दोनच महिने का? कलमात कारण लिहिलेलं नाही. माझं म्हणणं असं की हे माप जहाजाचं आहे. जमैकाहून न्यूयॉर्कला खुशाल जा. कुठल्याही ब्रिटिश वसाहतीत असलात तरी हजेरी लागते. पण ॲमस्टरडॅमला? शिडाच्या जहाजाला अटलांटिक ओलांडायला महिना-दीड महिना, वारा आडवा आला तर आणखी. तिथली कामं उरकून दोन महिन्यांत परतणं होणारच नाही. वरून सवलत दिसते, खरं तर युरोपची वाटच बंद केलेली आहे.

आणि ती कुणासाठी, हेही सांगता येतं. 1660 च्या नौकानयन कायद्याने परक्यांना वसाहतींत व्यापारी किंवा अडत्या म्हणून धंदा करायला बंदी होती. मोडली तर माल जप्त. त्यामुळे प्रजाजन होणं हा व्यापाराचा परवानाच होता. तो घ्यायचा आणि पेढी मात्र परदेशातून चालवायची, ही भीती त्या दोन महिन्यांमागे आहे.

यावर आक्षेप आहे, आणि तो वजनदार आहे. कायद्याची प्रस्तावनाच सांगते की माणसं वाढली तर राष्ट्राची संपत्ती आणि बळ वाढतं. तेव्हा हा वस्ती वाढवण्याचा कायदा, व्यापाराचा नव्हे. 1762 मध्ये ऱ्होड आयलंडच्या न्यायालयाने न्यूपोर्टचे ज्यू व्यापारी आरॉन लोपेझ यांना याच मुद्द्यावर परत पाठवलं: कायदा लोकसंख्या वाढवण्यासाठी, आणि आमची वसाहत तर भरलेली. (लोपेझ यांनी शेजारच्या मॅसॅच्युसेट्समध्ये जाऊन त्याच वर्षी काम करून घेतलं.) मला तो अर्थ पटत नाही. पेनसिल्व्हेनियात जमीन नांगरणारा जर्मन शेतकरी दोन महिने समुद्रापार जाणार कशाला? ती अट बोचते जहाजवाल्यालाच.

दुसरा दावा रोमचा, आणि तो मोहात पाडणारा आहे. इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकातल्या द्वादश पट्टिकांनुसार, वर्षभर सलग नवऱ्याजवळ राहिलेली बायको त्याच्या कायदेशीर ताब्यात जाई. ते टाळायचं तर तिने वर्षातून तीन रात्री बाहेर काढायच्या. क्विंटस म्युसियस या कायदेपंडिताने तर बजावलं होतं की वर्षाच्या अगदी शेवटच्या तीन रात्री निवडाल तर फसाल: तिसऱ्या रात्रीचे मध्यरात्रीनंतरचे सहा तास पुढच्या वर्षात जातात. आजच्या अर्जदाराला हा काथ्याकूट लगेच ओळखीचा वाटेल. तरी मी ही वंशावळ मानत नाही. रोममध्ये गैरहजेरी ही बाईच्या हातातली ढाल होती, गणती तुटावी म्हणूनच ती घराबाहेर पडायची. 1740 मध्ये गणती तुटणं हीच शिक्षा आहे.

माझ्या बाजूचा पक्का पुरावा 1774 चा. त्या वर्षी पार्लमेंटने ठरवलं की यापुढे खासगी कायद्याने प्रजाजन झालेल्यालाही सात वर्षं ब्रिटिश मुलखात काढल्याशिवाय परदेशांतल्या ब्रिटिश व्यापारसवलती मिळणार नाहीत, आणि त्यात एका वेळी दोन महिन्यांहून जास्त गैरहजेरी चालणार नाही. तेच दोन महिने, आणि इथे व्यापाराचं नाव उघड घेतलेलं. राहायचा विचार नसताना केवळ सवलतींसाठी प्रजाजन होणाऱ्यांवर रोख होता.

स्वतंत्र अमेरिकेनेही हा धागा समुद्रावरच ताणला. 1813 मध्ये, ब्रिटनशी युद्ध चालू असताना, पाच वर्षांच्या वास्तव्यात एकदाही देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही अशी अट आली. ती कुठे घातली? जहाजांवरच्या खलाशांच्या नियमनाच्या कायद्यात. 1848 मध्ये ती रद्द झाली. आज तिथे नागरिकत्वासाठी ग्रीनकार्डधारकाने सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर काढले तर वास्तव्य तुटल्याचं गृहीत धरतात, ते तसं नाही हे त्याने पटवायचं. वर्ष उलटलं तर एरवी गणती तुटतेच.