पाण्याचा संस्कार आणि मनाची दीक्षा : साष्टीच्या इतिहासातून एक विचार

अंधेरी पूर्वेस सीप्झच्या औद्योगिक वसाहतीच्या आवारात एका जुन्या चर्चचे भग्नावशेष उभे आहेत. १५७९ साली जेझुइट पाद्र्यांनी ते बांधले आणि बाप्तिस्मा देणाऱ्या संत योहानाचे नाव त्यास दिले. १८४० मध्ये साथीच्या रोगामुळे ते सोडून देण्यात आले व उपासना मरोळ येथे हलविण्यात आली. तेथून जवळच कोंडिविट्याच्या टेकडीत बौद्ध लेणी आहेत. स्तूपाभोवती गोल दालन असलेले तेथील चैत्यगृह प्राचीन आहे. परंतु लोक आज या लेण्यांना महाकालीच्या नावाने ओळखतात. उत्तरेस बोरिवलीच्या डोंगरात कान्हेरीचा विशाल विहारसमूह आहे. या परिसरातून आम्ही जातो तेव्हा एक प्रश्न वारंवार मनात येतो. मनुष्य एखाद्या धर्मात प्रवेश करतो म्हणजे नेमके काय करतो? आणि त्या प्रवेशाने त्याच्या जीवनात काय पालटते? प्रस्तुत लेखात ख्रिस्ती धर्मातील बाप्तिस्मा व कृपादाने यांच्या अनुषंगाने या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. इतरांच्या श्रद्धेचा उपहास करणे हा आमचा हेतू नाही. आपल्या धम्मदीक्षेचा अर्थ अधिक स्पष्ट व्हावा, एवढाच आहे.

बाप्तिस्म्याचा मूळ अर्थ

बाप्तिस्मा हा शब्द मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ पाण्यात बुडविणे असा आहे. यार्देन नदीच्या काठी योहान लोकांना पश्चात्तापाचा बाप्तिस्मा देत असे. येशूनेही त्याच्याच हातून बाप्तिस्मा घेतला. परंतु केवळ पाण्यात उतरल्याने सुटका होईल, असे योहानाने सांगितले नाही. लूकच्या शुभवर्तमानानुसार त्याने जमावाला खडसावून पश्चात्तापाला शोभेल असे आचरण मागितले. ज्याच्यापाशी दोन अंगरखे आहेत त्याने एक नसलेल्याला द्यावा, असे बजावले. पुढे पौलाने या संस्काराला गहन अर्थ दिला. पाण्यात जाणे म्हणजे जुन्या मनुष्याचे मरण व दफन, आणि पाण्याबाहेर येणे म्हणजे नवे जीवन. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की, बाप्तिस्मा घेतलेल्यांमध्ये यहुदी व ग्रीक, दास व स्वतंत्र, स्त्री व पुरुष हा भेद उरत नाही. ही प्रतिज्ञा सामाजिक दृष्टीने क्रांतिकारक होती, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

पाण्याने शुद्धी होते काय, हा प्रश्न आपल्या परंपरेलाही नवा नाही. मज्झिमनिकायातील वत्थूपम सुत्तात सुंदरिक भारद्वाज नावाचा ब्राह्मण तथागतांना विचारतो की, आपण बाहुका नदीवर स्नानास जाता काय? दुष्कर्म करणाऱ्यास कोणतीही नदी शुद्ध करू शकत नाही. जो असत्य बोलत नाही, प्राण्यांची हिंसा करीत नाही, न दिलेले घेत नाही, त्याला गयेस जाण्याचे कारणच काय, असे उत्तर तथागत देतात. थेरीगाथेतील पुण्णिका ही तर पाणी भरणारी दासी. थंडीत कुडकुडत स्नान करणाऱ्या ब्राह्मणाला ती रोखठोक विचारते की, पाण्यानेच पाप धुतले जात असेल तर बेडूक, कासवे आणि सुसरीही स्वर्गाला जातील. शिवाय नदी पाप वाहून नेईल तर पुण्यही वाहून नेईल. योहानाची मागणी आणि पुण्णिकेचा प्रश्न परस्परविरोधी नाहीत, हे सूक्ष्मपणे पाहिल्यास ध्यानात येते. दोघेही आचरणाकडेच बोट दाखवितात.

साष्टीतील सामुदायिक बाप्तिस्मा

१५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई, साष्टी व मुंबईची बेटे पोर्तुगिजांना दिली. त्यांच्या पाठोपाठ फ्रान्सिस्कन व जेझुइट धर्मप्रसारक आले. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वराच्या शैव लेण्यावर अंतोनियो द पोर्तो या फ्रान्सिस्कन धर्मगुरूच्या पुढाकाराने चर्च उभे राहिले. कान्हेरीच्या लेण्यातही प्रार्थनास्थळ मांडले गेले, असे पोर्तुगीज वृत्तांत सांगतात. तोपर्यंत कान्हेरीतील भिक्खुसंघ लयाला जाऊन दीर्घकाळ लोटला होता. त्या लेण्यांतून पोर्तुगिजांना आढळले ते जोगी. ही बाब आपण विसरता कामा नये. आपल्या विहारांचे दिवे पोर्तुगीज येण्यापूर्वीच विझले होते.

साष्टीतील कोळी, कुणबी, भंडारी इत्यादी समाजांतील लोकांना मोठ्या संख्येने बाप्तिस्मा देण्यात आला. त्यामागे उपदेश होता, तशीच राज्यसत्ताही होती. गोव्यात १५५९ च्या राजाज्ञेने अनाथ मुलांना धर्मगुरूंच्या हवाली करण्याची तरतूद झाली होती, यावरून त्या काळच्या धोरणाची कल्पना येते. आधी पाणी व नंतर शिक्षण असा क्रम पुष्कळदा राहिला. परिणाम असा झाला की, नाव पालटले, उपासना पालटली, पण जात टिकून राहिली. विवाह आपापल्या गटातच होत राहिले. पुढे १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, या समाजाने ईस्ट इंडियन हे नाव स्वीकारले. त्यांची मराठी बोली, लग्नातील उंबराच्या पाण्याचा विधी, मंगळसूत्र हे सारे टिकले. संस्कृती टिकली याचे आम्हास दुःख नाही. परंतु पौलाने पुसून टाकलेला भेदही तिच्यासोबत टिकला, हा इतिहासाचा धडा आहे. आज त्या भिंती बऱ्याच ढासळल्या आहेत. पण त्यासाठी शतके लागली.

बाप्तिस्मा तान्ह्या बालकास द्यावा की जाणत्या मनुष्यास, हा ख्रिस्ती मंडळींतील जुना वाद याच प्रश्नातून उद्भवला. कॅथलिक पंथ बालकाच्या मस्तकावर पाणी ओततो, त्यास पवित्र तैलाचा अभ्यंग करतो, पांढरे वस्त्र व पेटती मेणबत्ती देतो, आणि धर्ममाता व धर्मपिता त्याच्या वतीने वचन देतात. ते वचन मुलाने पुढे स्वतः दृढ करावे यासाठी दृढीकरणाचा वेगळा संस्कार आहे. बॅप्टिस्ट व पेन्टेकॉस्टल मंडळी मात्र स्वतःच्या समजुतीने विश्वास धरणाऱ्यासच पाण्यात उतरवितात. विचार न करता मिळालेला धर्म आपला होतो काय, हाच या वादाचा गाभा होय.

कृपादानांचा प्रश्न

बाप्तिस्म्यानंतर पवित्र आत्मा विश्वासणाऱ्यास दाने देतो, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौलाने ज्ञान, विश्वास, रोग बरे करणे, संदेश देणे, अन्य भाषांत बोलणे इत्यादी कृपादानांची यादी दिली. परंतु करिंथ येथील मंडळीत या दानांवरून अहंकार व चढाओढ माजली होती. म्हणून दाने मंडळीच्या हितासाठी आहेत, ज्याचा अर्थ कोणास कळत नाही अशा भाषेपेक्षा समजणारे पाच शब्द बरे, आणि प्रीतीवाचून सर्व दाने पोकळ आहेत, असे त्याला सांगावे लागले.

महाराष्ट्राच्या इतिहासात या विषयाचे सर्वांत ठळक उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. त्यांनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. तरीही पुरोहितवर्गाने सांगितलेला प्रत्येक सिद्धान्त त्यांनी निमूटपणे स्वीकारला नाही. त्रैक्यासारख्या मूलभूत सिद्धान्ताविषयीही त्यांनी आपल्या इंग्रज मार्गदर्शक भगिनींशी पत्रांतून निर्भीड वाद घातला. पुढे १९०७ मधील आत्मनिवेदनात त्यांनी कबूल केले की, बाप्तिस्म्याच्या वेळी आपणास ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता; अंतरीचा पालट त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी झाला. संस्कार आणि परिवर्तन यांतील हे अंतर इतक्या प्रामाणिकपणे क्वचितच कोणी मांडले असेल. १९०५ च्या जूनअखेरीस केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मोठी आध्यात्मिक जागृती झाली. दुष्काळातून वाचविलेल्या मुली व विधवा रडू लागल्या, अपराध कबूल करू लागल्या, काही अन्य भाषांत बोलू लागल्या. अमेरिकेतील लॉस एंजेलिसच्या प्रसिद्ध अझुसा स्ट्रीट चळवळीच्या आधीची ही घटना आहे. तेथील मिनी अब्राम्स यांनी १९०६ मध्ये लिहिलेल्या पुस्तिकेचा प्रभाव दूर चिली देशापर्यंत पोहोचला. ज्यांना समाजाने बोलूच दिले नव्हते त्या स्त्रियांना तेथे आवाज मिळाला, हे त्या घटनेचे सामाजिक महत्त्व आम्हास मोठे वाटते. १९७२ पासून मुंबईच्या कॅथलिकांतही कॅरिस्मॅटिक नवचैतन्याची चळवळ रुजली आणि उपनगरांतील चर्चमध्ये रोगमुक्तीच्या प्रार्थनासभा भरू लागल्या.

बौद्ध वाचकाने याकडे कसे पाहावे? दीघनिकायातील केवट्ट सुत्तात तथागत तीन प्रातिहार्ये सांगतात : ऋद्धीचे, परचित्त ओळखण्याचे आणि अनुशासनाचे. पहिल्या दोहोंविषयी ते नापसंती दर्शवितात व उपदेशाने मनुष्य पालटणे हेच खरे आश्चर्य मानतात. पिंडोल भारद्वाजाने ऋद्धीच्या बळावर चंदनाचे पात्र खाली आणले तेव्हा तथागतांनी त्याची निर्भर्त्सना केली व गृहस्थांपुढे ऋद्धिप्रदर्शन करण्यास भिक्खूंना मनाई केली. चमत्काराला मर्यादा घालण्यात पौल व तथागत यांची दिशा काही अंशी जुळते. भेद असा की, ख्रिस्ती दृष्टीने दान वरून मिळते. धम्मात शील, समाधी व प्रज्ञा स्वप्रयत्नाने साधावी लागते.

बाबासाहेबांची चिकित्सा

१३ ऑक्टोबर १९३५ च्या येवल्याच्या घोषणेनंतर बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्माचा गंभीर अभ्यास केला. १९३८ च्या प्रारंभी सोलापूर येथे ख्रिस्ती बांधवांपुढे बोलताना त्यांनी बुद्ध व ख्रिस्त या दोन्ही व्यक्तिमत्त्वांविषयी आदर व्यक्त केला, आणि ख्रिस्ती समाजातील जातिभेदावर स्पष्ट टीकाही केली. त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या लेखनात त्यांनी दाखविले आहे की, धर्मांतरित अस्पृश्यास त्याच्या दुर्दशेचे कारण समाजव्यवस्थेत न शोधता स्वतःच्या पापात शोधावयास शिकविले तर त्याची लढण्याची प्रेरणा मंदावते.

तथापि बाबासाहेबांनी प्रवेशविधीचे महत्त्व नाकारले नाही. ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी एक मार्मिक निरीक्षण नोंदविले आहे. संघात प्रवेश करणाऱ्यास दीक्षा होती. पण उपासकासाठी स्वतंत्र धम्मदीक्षा नव्हती. ही गंभीर उणीव होती व भारतातील धम्माच्या ऱ्हासाच्या कारणांपैकी ती एक होती, असे ते म्हणतात. कारण त्यामुळे गृहस्थ एका धर्मातून दुसऱ्यात भटकत राहिले आणि एकाच वेळी अनेक धर्म पाळत राहिले. कान्हेरीच्या रिकाम्या विहारांपाशी उभे राहिले की या वाक्याची सत्यता पटते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून त्रिशरण व पंचशील घेतल्यावर बाबासाहेबांनी स्वतः आपल्या अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्या ही उणीव भरून काढण्यासाठीच. तेथे पाणी नव्हते, पापक्षालन नव्हते. सर्वांसमक्ष उच्चारलेला निर्धार होता. ७ डिसेंबर १९५६ रोजी दादरच्या अंत्यसंस्कारप्रसंगी भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून लक्षावधींच्या जनसमुदायाने घेतलेली दीक्षा ही मुंबईच्या इतिहासातील अशीच अपूर्व घटना होय.

येथे एक विसंगतीही नमूद करणे आवश्यक आहे. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात १९५६ मध्ये शीख व १९९० मध्ये बौद्ध यांचा समावेश झाला. ख्रिस्ती दलित अद्याप बाहेर आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात बाप्तिस्मा झालेल्या व ख्रिस्ती धर्म पाळणाऱ्या स्त्रीचा अनुसूचित जातीचा दावा नाकारला. पाणी जात धुऊन टाकते असे कायदा मानतो. गावचा पाणवठा व स्मशानभूमी तसे मानत नाहीत. ज्यांनी दोन्ही अनुभवले त्यांच्या या वेदनेविषयी आम्ही उदासीन राहू शकत नाही.

आपल्यापुढील प्रश्न

दीक्षा घेतलेली पिढी आता आपल्यातून जात आहे. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली येथील विहारांतून आज येणारी मुले जन्माने बौद्ध आहेत. नामकरणाच्या दिवशी त्यांच्या वतीने त्रिशरण-पंचशील आपण म्हणतो. धर्ममाता व धर्मपिता बालकाच्या वतीने वचन देतात, त्याहून हे फारसे वेगळे नाही. मग त्या मुलांचे दृढीकरण कधी होते? बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या असतात. त्या वाचून, समजून, प्रश्न विचारून तरुणाने स्वतः कधी घेतल्या? लग्न जुळविताना पोटजात पाहिली जाते तेव्हा साष्टीत जे घडले तेच आपल्या घरात घडत असते.

प्रत्येक विहाराने जाणत्या वयातील मुलामुलींसाठी धम्मवर्ग चालवावा आणि वर्षभराच्या अध्ययनानंतर त्यांनी स्वेच्छेने प्रतिज्ञा घ्याव्यात, असे आम्हास सुचवावेसे वाटते. जो नको म्हणेल त्याला थांबण्याचे स्वातंत्र्य असावे. धम्म लादण्याची वस्तू नाही. रमाबाईंना बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षे शोध करावा लागला. आपल्या मुलांनाही शोधाचा तो अवकाश दिला पाहिजे, आणि शोध संपेपर्यंत त्यांच्या सोबत बसणारे कोणीतरी विहारात असले पाहिजे.