सवय नेमकी कुणाला होते?

"जंतूंना त्या गोळीची सवय झालीय." हे वाक्य आपण घरोघरी ऐकतो. माझं भांडण त्यातल्या एकाच शब्दाशी आहे... 'सवय'!

1990 साली बिशप आणि अँडरसन या दोघांनी अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चित्ते इतके वेगवान कसे झाले, अशा छापाचे प्रश्न. बहुतेकांचा सूर असा, की गरज पडली म्हणून सगळेच चित्ते हळूहळू वेगवान होत गेले. चित्त्या-चित्त्यात मुळातच फरक असतो आणि काहींची पिल्लं जास्त जगतात, हा मुद्दाच गायब! गंमत म्हणजे आधी किती वर्षं बायॉलॉजी शिकली होती, याचा उत्तरांशी काही संबंध दिसला नाही.

पण मंडळी, या प्रश्नाचा निकाल 1943 सालीच लागला होता. साल्वादोर लुरिया हा शास्त्रज्ञ इंडियाना विद्यापीठात होता. एका पार्टीत सहकाऱ्याला स्लॉट मशीनवर खेळताना बघून त्याला कल्पना सुचली. बॅक्टेरिया वेगवेगळ्या नळ्यांत वाढवायचे आणि मग त्यांच्यावर त्यांना मारणारा व्हायरस सोडायचा. व्हायरस बघून ते प्रतिकार 'शिकत' असतील, तर प्रत्येक नळीतून साधारण सारखेच वाचतील. पण बदल आधीच, योगायोगाने झाला असेल, तर बऱ्याच नळ्यांत भोपळा आणि एखादीत जॅकपॉट! झालं तसंच. गणिताची बाजू मॅक्स डेलब्रुकने सांभाळली. 1969 साली दोघांनाही नोबेल मिळालं (सोबत आल्फ्रेड हर्शी).

1952 साली जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग यांनी तर मखमलीच्या तुकड्याने बॅक्टेरियांचे ठसे उचलून दाखवलं, की औषधाचं तोंडही न पाहिलेल्या बॅक्टेरियांतही प्रतिकार करणारे आधीपासून हजर असतात.

म्हणजे गोळी कुणाला काही शिकवत नाही. ती फक्त बाकीच्यांना मारून यांना मोकळं मैदान देते.

तुम्ही म्हणाल, शब्दाने काय फरक पडतो? पडतो ना. 'सवय' म्हटलं की वाटतं, "मी कुठे फारशा गोळ्या घेतो? मला धोका नाही." पण असे बॅक्टेरिया दुसऱ्याच्या शरीरात निवडले जाऊन तुमच्याकडे येऊ शकतात. आयुष्यात एकही अँटिबायोटिक न घेतलेल्या माणसाकडेसुद्धा. व्हायरसने झालेल्या साध्या सर्दीवर कुणी उगाच गोळी घेतली, तर बिल सगळ्यांच्या नावावर फाटतं.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी 'सवय' म्हणालं, की मी तरी म्हणणार, "सवय नाही हो, निवड!"