मातीतले चामडे

इंग्लंडमधील यॉर्क शहरात कॉपरगेट येथे 1976 ते 1981 या काळात उत्खनन झाले. तिथे दहाव्या शतकाच्या आसपासचे झिजलेले जोडे आणि चामड्याची कातरणे मिळाली. इतकी वर्षे ती कुजली कशी नाहीत? ओल्या मातीत खोलवर प्राणवायू पोचत नाही. शिवाय ओकच्या सालीत (आपल्या हिरड्याप्रमाणेच!) टॅनिन असते, ते कातड्यातील कोलॅजेनला बांधून ठेवते. तुरटीने कमावलेल्या कातड्यातली तुरटी मात्र पाण्यात धुऊन जाते, कातडे कुजते. म्हणजे या धंद्याचा एकच भाग आपल्याला दिसतो, असे आम्हाला वाटते.

कातरणांवरून जोडे शिवणारा ओळखू येतो. कातडी कमावणारा शोधायचा तर गुरांच्या शिंगांचे गाभे आणि पायांची हाडे पाहावी लागतात, कारण कातडी पुष्कळदा शिंगे-खुरांसकट त्याच्याकडे येत.